समुद्रावर रडारला चकवणारी विमानं : 'जाम करणे' म्हणजे नेमकं काय?

शिरूर अनंतपाळ : मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूर झाले. पाकिस्तानची चिनी बनावटीची हवाई संरक्षण यंत्रणा जाम करून २३ मिनिटांत मोहीम पूर्ण केली, असे सरकारने सांगितले. पण जाम करणे म्हणजे काय? आणि जिथे लपायला झाड ना डोंगर, त्या समुद्रावर हे काम कसं चालतं?

रडार म्हणजे बॅटरी
रात्रीच्या लाईटवर पाणी द्यायला गेलेला शेतकरी बॅटरी मारतो. उजेड समोर पडला की रानडुक्कर दिसतं. रडार उजेडाऐवजी रेडिओ लहरी सोडतं. पण एक गोम आहे. बॅटरीवाल्याला पन्नास पावलं दिसतं, त्याची बॅटरी मात्र लांबच्या शिवारातूनही दिसते. रडार लावणारं जहाज असंच सापडतं.

पहिलं काम : ऐकणं
गोव्यात दाबोळीला नौदलाचा आयएनएस हंसा हा तळ आहे. इथून डॉर्निअर आणि पी-८आय विमानं गस्त घालतात. पी-८आयचं इथलं पथक २९ मार्च २०२२ रोजी दाखल झालं. या विमानांना डोळ्यांसोबत कानही आहेत. समोरच्याचं रडार सुरू झालं की त्याच्या लहरी पकडून दिशा आणि रडारचा प्रकार ओळखता येतो. आपण मात्र गप्प राहायचं. पृथ्वी गोल असल्याने जहाजाला लांबचं दिसत नाही. माळवदावर चढलं की शिवार दिसतं, तसं विमानाला उंचीवरून लांबचं कळतं.

दुसरं काम : गोंधळ घालणं
लग्नात डीजे लागला की शेजारच्याचं बोलणं कळत नाही. जाम करणं म्हणजे हेच. शत्रूच्या रडारच्याच लहरींवर जोरात आवाज सोडायचा. अमेरिकी नौदलाकडे खास या कामासाठी ग्राउलर हे विमान आहे, ते विमानवाहू जहाजावरून उडतं. आपल्याकडे एकच खास विमान नसून हे काम वेगवेगळ्या विमानांत आणि जहाजांत वाटलेलं आहे.

तिसरं काम : फसवणं
धातूचा मुलामा दिलेले बारीक तंतू हवेत उधळले की रडारला तिथेच मोठं काही असल्याचा भास होतो. याला चाफ म्हणतात. क्षेपणास्त्र तिकडे भरकटतं. डीआरडीओच्या जोधपूर प्रयोगशाळेने नौदलासाठी चाफ रॉकेट तयार केली. हवाई दलाच्या चाफमध्ये पुण्याच्या प्रयोगशाळेचाही हात आहे.

फरक किती पडतो?
२१ ऑक्टोबर १९६७ रोजी इजिप्तच्या क्षेपणास्त्रांनी इस्रायलची इलात ही युद्धनौका बुडवली. १९७३ च्या युद्धात त्याच जातीची क्षेपणास्त्रं इस्रायलच्या नौकांवर सुटली, पण चाफ आणि जामिंगमुळे एकही नौका बुडाली नाही.

आपलं काम काय?
जो बोलतो तो सापडतो, हा या लढाईचा नियम. आपला मोबाईलही लहरी सोडतो आणि स्टेटस तर सगळ्या जगाला दिसतं. २६ एप्रिल २०२५ रोजी केंद्राने लष्करी हालचालींचं थेट प्रक्षेपण करू नये, अशी सूचना माध्यमांना आणि सोशल मीडिया वापरणाऱ्यांना दिली होती. तुमचं पोरगं नौदलात असेल तर अभिमान जरूर बाळगा, फोटोही जपून ठेवा. पण त्याचं जहाज आज कुठं आहे, हे ग्रुपवर टाकू नका.