आधी आवाज, मग आवड
लिनक्स या मोफत संगणकप्रणालीत मेनू, विंडो, आयकॉन दाखवणारे 'डेस्कटॉप' अनेक आहेत. मात्र बहुतेक जण आपोआप येणाराच वापरतात. त्यामुळे तो कोणता द्यायचा, हा निर्णय महत्त्वाचा ठरतो. स्वयंसेवकांच्या 'डेबियन' प्रकल्पाने २०१३मध्ये आठव्या आवृत्तीसाठी 'ग्नोम'ऐवजी 'एक्सएफसीई' हा हलका डेस्कटॉप निवडला. जुन्या संगणकांनाही तो झेपतो. पण २०१४मध्ये पुन्हा ग्नोमच ठरला. त्यामागचे एक प्रमुख कारण अपंगांची सोय हे होते. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा 'ऑर्का' ग्नोमशी अधिक चांगला जुळतो. डोळस माणूस आवडीचा डेस्कटॉप नंतरही बसवू शकतो. दृष्टिहीनाला मात्र तो बदलण्यासाठीसुद्धा आधी पडदा ऐकू यावा लागतो.