यॉर्कचं तळघर आणि पवनीची टेकडी

१९६९ साली दोन खंडांतल्या दोन जुन्या गावांत, पूजाअर्चा चालू असलेल्या देवस्थानांच्या पायाशी, एकाच सुमारास खोदकाम चाललं होतं. एक उत्तर इंग्लंडमधलं यॉर्क, दुसरं आमच्या भंडारा जिल्ह्यातलं पवनी. यॉर्कला कॅथीड्रलचा मधला मनोरा खचू लागला होता, म्हणून जमीन उकरावी लागली. पवनीला जगन्नाथ टेकडीच्या पोटात काय दडलंय ते पाहायचं होतं. खणणाऱ्यांना एकमेकांची खबर असण्याचं काही कारण नव्हतं. पण ही दोन्ही ठिकाणं पाहिली, की त्यांच्याकडे सुटंसुटं पाहणं जमत नाही.

यॉर्क मिन्स्टर, म्हणजे हे कॅथीड्रल, मी पाहिलं ते लीड्सला भाचीकडे मुक्काम असताना. रेल्वेनं अर्ध्या तासाचा रस्ता. गावाच्या तटावरून अजूनही चालत जाता येतं आणि तटावरून घरांच्या छपरांवर उठलेलं कॅथीड्रल दिसतं, पिवळसर चुनखडीच्या दगडाचं. सध्याच्या इमारतीचं काम १२२०च्या सुमारास आर्चबिशप वॉल्टर द ग्रे यांच्या काळात सुरू झालं आणि १४७२ साली ती पूर्ण झाली म्हणून तिचा विधिवत अर्पणसोहळा झाला. अडीचशे वर्षं, म्हणजे पाथरवटांच्या कितीतरी पिढ्या. पूर्वेच्या भिंतीतली प्रचंड रंगीत खिडकी मात्र जॉन थॉर्नटन या काचकारानं १४०५ ते १४०८ या तीनच वर्षांत पुरी केली. सृष्टीच्या आरंभापासून अंतापर्यंतची बायबलमधली कथा त्या काचांत आहे. ती पाहायला मान इतकी मागे टाकावी लागते, की शेवटी लोक बाकांवर बसून घेतात.

मला मात्र तिथे सर्वांत जास्त वेळ लागला तो तळघरात.

त्याची हकिगत अशी. बर्नार्ड फील्डन या वास्तुविशारदाकडे १९६०च्या दशकाच्या मध्यावर या इमारतीच्या देखभालीचं काम आलं. त्यांनी भिंतींतल्या भेगा बारकाईनं तपासल्या आणि १९६७ साली जाहीर केलं, की मधला मनोरा धोक्यात आहे. सुमारे सोळा हजार टनांचं ओझं नॉर्मन काळातल्या जुन्या, अपुऱ्या पायावर तोललेलं होतं. तो मनोरा १४०७ साली एकदा कोसळून पुन्हा उभारलेला, त्यामुळे इशारा कुणी हसण्यावारी नेला नाही. वर्गणी जमवली गेली. चारही खांबांच्या पायांना काँक्रीटचे भक्कम वेढे घालून ते पोलादी सळ्यांनी आवळण्यात आले. १९७२पर्यंत हे काम चाललं आणि वर उपासना थांबली नाही.

पायासाठी खड्डे घ्यायचेच होते, तर पुरातत्त्वज्ञांना सोबत घेतलं गेलं. कामगार आणि संशोधक एकाच खड्ड्यात पाळीनं उतरत. खाली आधी आर्चबिशप थॉमस यांच्या अकराव्या शतकातल्या चर्चचा पाया लागला, त्याखाली त्याहून जुनं दफनस्थान आणि सर्वांत खाली रोमन सैन्याचं मुख्यालय. इसवी सन ७१च्या सुमारास नवव्या लीजननं इथे छावणी वसवली होती. पुढे ३०६ साली कॉन्स्टन्टाइनला सम्राट म्हणून पुकारलं गेलं ते याच गावात. पण ज्याची सर्वांना आस होती ते हाती लागलंच नाही. राजा एडविनच्या बाप्तिस्म्यासाठी ६२७ साली बांधलेलं लाकडी चर्च कुठे होतं, हे कोडं त्या खोदकामानं सुटलं नाही.

काम संपल्यावर ते खड्डे बुजवले नाहीत. आज जिना उतरून खाली जाता येतं. रोमन भिंत, नॉर्मन पाया आणि फील्डन यांचं काँक्रीट एकाच नजरेच्या टप्प्यात दिसतं. रोमनांनी बांधलेलं भुयारी गटारही तिथे आहे. त्यातून अजून पाणी वाहतं. डोक्यावर ऑर्गनचे सूर आणि पायाशी दोन हजार वर्षांचं पाणी, असं मी दुसरीकडे कुठे अनुभवलेलं नाही.

आता पवनी.

भंडाऱ्याहून दक्षिणेला, वैनगंगेच्या काठी हे तालुक्याचं गाव. एका अंगाला नदी, उरलेल्या बाजूंनी मातीचा जाडजूड तट आणि त्यापुढे खंदक. मातीच्या तटावर नंतरच्या काळात दगडी बांधकाम चढलं. १८१८ साली इंग्रजांनी हा किल्ला हल्ला करून घेतला. देवळं इतकी, की लोक पवनीला विदर्भाची काशी म्हणतात. नदीकडे उतरणारे दगडी घाट, वैजेश्वराचं देऊळ, मुरलीधराचं देऊळ आणि विदर्भाच्या अष्टविनायकांपैकी सर्वतोभद्र गणेश. एकाच उभ्या शिळेवर निरनिराळ्या दिशांना तोंड केलेली गणेशाची रूपं. गावात कोष्ट्यांची मोठी वस्ती; एके काळी पवनीच्या तलम, रेशीमकाठी कापडाला दूरवर मागणी होती.

या गावाच्या तटाबाहेर जगन्नाथ टेकडी आहे. माथ्यावर जगन्नाथाचं देऊळ, म्हणून टेकडीचं नाव तेच. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून तिथे उत्खनन केलं. सूत्रं होती शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्याकडे. टेकडी म्हणून लोक जी चढत होते, तो सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या तोडीचा विटांचा स्तूप निघाला, मौर्यकाळापासून टप्प्याटप्प्यानं वाढवत नेलेला. भोवती प्रदक्षिणेची वाट होती. तिला आधी लाकडी कठडा होता आणि पुढे दगडी कठडा आला, त्यावर कोरीव काम आणि ब्राह्मी लेख. यॉर्कला रोमन छावणीचा पहिला खांब रोवला गेला, तेव्हा पवनीचा हा दगडी कठडा पिढ्यान्‌पिढ्या प्रदक्षिणा पाहून झालेला होता.

कठड्याच्या एका खांबावर पाच फण्यांचा नाग आहे. खाली आसन आहे आणि आसन रिकामं आहे. बोधी मिळाल्यावर बुद्ध ध्यानात असताना वादळ उठलं आणि मुचलिंद नागानं फणा धरून त्यांना पावसापासून राखलं, ही ती कथा. बुद्धाला माणसाच्या रूपात दाखवायची रीत तेव्हा नव्हती, म्हणून आसन मोकळं. शेजारी नागाचं नावही कोरलेलं आहे. वैनगंगेचा पावसाळा ज्यानं पाहिलाय, त्याला या शिल्पकारानं हीच कथा का उचलली असेल ते सांगायला नको.

आणखी एक लेख आहे, दोनच ओळी भरतील एवढा. विसमिता नावाच्या बाईचं हे दान, सर्व जिवांच्या सुखासाठी असो, अशा अर्थाचा. तिनं कोणत्या राजाचं नाव घेतलेलं नाही, स्वतःसाठी काही मागितलेलंही नाही. दान देऊन पुण्य साऱ्यांच्या नावे करणं ही कल्पना पुढच्या काळात आली असं मानणाऱ्या अभ्यासकांना या छोट्या लेखाची दखल घ्यावी लागली. जगातल्या बौद्ध धर्माच्या इतिहासाच्या चर्चेत पवनीचं नाव येतं ते या बाईमुळे. आमच्या शाळांतल्या मुलींना हे नाव ठाऊक असायला हवं, असं मला फार वाटतं.

एवढ्यानं पवनी संपत नाही. महाक्षत्रप रूपिअम्माचा छायास्तंभ, म्हणजे स्मृतिस्तंभ, इथे मिळाला, भार कुळातल्या भगदत्त राजाचा लेख मिळाला, वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट मिळाला. वा. वि. मिराशींनी यातल्या लेखांचं वाचन करून विदर्भाच्या इतिहासातली रिकामी पानं भरली. १९९४ साली अमरेंद्र नाथ यांनी पवनीत पुन्हा खोदकाम केलं, या वेळी हरदोलाला नावाच्या दुसऱ्या टेकडीवर.

एका बाबतीत पवनीनं यॉर्कवर मात केली, हे अभिमानानं सांगितलं पाहिजे. देव आणि जोशी यांचा पवनी उत्खननाचा अहवाल नागपूर विद्यापीठानं १९७२ सालीच प्रसिद्ध केला. मिन्स्टरखालच्या उत्खननाचा एक खंड १९८५ साली आला आणि रोमन काळाची सविस्तर मांडणी करणारा खंड १९९५ साली. तुटपुंज्या साधनांत आमच्या माणसांनी दोन वर्षांत काम हातावेगळं केलं होतं.

मात केली ती अहवालात. लोकांना दाखवण्यात आपण फारच मागे राहिलो. यॉर्कला शाळेची पोरं खाली उतरून पायाला पाया लागलेला पाहतात. पवनीचं नाव गाजवणाऱ्या वस्तू पाहायच्या तर दूरची संग्रहालयं गाठावी लागतात, आणि टेकडीवर येणाऱ्याला विटांच्या रांगांवरून स्तूपाचं चित्र मनानंच उभं करावं लागतं. टेकडीपाशी भेटलेले एक वयस्क गृहस्थ म्हणाले, “पहिलेपासून ही टेकडी देवाचीच आहे न, बापा.” मला ते बोलणं भाबडं वाटलं नाही. विटा काढून नेण्याची चाल सगळीकडेच असते. त्यात एवढा मोठा स्तूप टिकला याचं काही श्रेय माथ्यावरच्या देवळाला आणि त्याचा धाक बाळगणाऱ्या गावाला द्यायलाच हवं. वरचं देऊळ म्हणजे खालच्या स्तूपाला आलेली अडचण, किंवा खालचा स्तूप म्हणजे वरच्या देवळाला असलेला धोका, या दोन्ही भूमिका मला चुकीच्या वाटतात. यॉर्कला वर उपासना चालू ठेवून खालचं सगळं जपलं गेलं. पवनीतही ते जमेल.

आणि त्यासाठी लागणारं मार्गदर्शन परकंही नाही. याच बर्नार्ड फील्डन यांनी पुढे भारतातल्या वास्तूंच्या जतनासाठी एक तांत्रिक पुस्तिका लिहिली आणि वारसा जतनाचं काम करणाऱ्या ‘इन्टॅक’ या संस्थेनं ती १९८९ साली प्रसिद्ध केली. दुरुस्तीआधी निरीक्षण, कमीत कमी ढवळाढवळ, प्रत्येक टप्प्याची नोंद हा त्यांच्या कामाचा गाभा. पवनीला गाभाऱ्याखाली तळघर नको. टेकडीपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर एक साधी, कोरडी, उजेडाची इमारत हवी. तिच्यात मुचलिंदाच्या खांबाची आणि विसमितेच्या लेखाची हुबेहूब प्रतिकृती, तटाचा आणि खंदकाचा नकाशा, आणि देव-जोशींच्या अहवालातल्या थरांच्या आकृत्या मोठ्या करून मराठीत. घाई करायला कारणही आहे. गावाच्या वरच्या अंगाला गोसीखुर्द धरण झाल्यापासून वैनगंगेचं पाणी पवनीशी पूर्वीसारखं वागत नाही, आणि मातीचा तट पाण्यापुढे किती तग धरेल याची मोजणी फील्डन यांनी भेगांची केली तशी, वर्षानुवर्षं व्हायला हवी.

तोवर ज्यांना जायचं असेल त्यांनी हिवाळ्यात जावं. आधी तट आणि खंदक पाहावेत, म्हणजे हे गाव केवढं होतं याचा अंदाज येतो. मग जगन्नाथ टेकडी. विटांवर चढू नये, प्रदक्षिणेच्या वाटेनं एक फेरी घ्यावी. दुपारी सर्वतोभद्र गणेश आणि वैजेश्वराचा घाट. हाताशी वेळ असेल तर पवनीजवळच्या रुयाळला आजच्या बौद्धांनी उभारलेला महास्तूपही पाहून घ्यावा. आणि परतीच्या वाटेवर नागपूरला थांबणार असाल, तर मध्यवर्ती संग्रहालयात पवनीची चौकशी जरूर करा.