भोंगा, झेंडे आणि खांबांवरची शाळा

बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा दिसला की कुणीतरी हमखास ऐकवतं: गरीब देशात माणसं मरायचीच, आधी पैसा येऊ द्या, मग जीव वाचतील. दाखला ठरलेला, बांगलादेशाचा. आणि नेमका हाच दाखला त्या समजाच्या अंगावर उलटतो.

१९७०च्या भोला चक्रीवादळात किमान तीन लाख माणसं गेली. १९९१ मध्ये सुमारे १ लाख ३८ हजार. २००७च्या ‘सिद्र’मध्ये साधारण ३,४०० आणि २०२०च्या ‘अम्फान’मध्ये तिसापेक्षाही कमी. ‘सिद्र’चा बराचसा तडाखा सुंदरबनाने अंगावर घेतला, हे मान्य. पण देश तोवर श्रीमंत झाला होता म्हणावं, तर तेव्हा तो संयुक्त राष्ट्रांच्या अल्पविकसित देशांच्या यादीतच होता. आणि पैसा हेच कवच असतं, तर २००५ मध्ये ‘कतरिना’त खुद्द अमेरिकेतली तेराशेहून अधिक माणसं कशी गेली?

फरक पडला तो साध्या गोष्टींनी. बांगलादेशाच्या स्वातंत्र्यानंतर लगेच सरकार आणि रेड क्रेसेंट यांनी मिळून चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रम उभारला. आज त्याचे सुमारे ७६ हजार स्वयंसेवक आहेत. ते भोंगा घेऊन वाडीवस्तीवर फिरतात. धोका वाढेल तसे एकाचे दोन, दोनाचे तीन झेंडे चढवतात. निवारे खांबांवर उभे, एरवी त्यांतल्या कित्येकांत शाळा भरते. ‘अम्फान’च्या आधी वीस लाखांहून अधिक लोक अशा ठिकाणी हलवले गेले.

नुसतं सिमेंट ओतून मात्र भागलं नसतं. १९९१ मध्ये बायका पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त दगावल्या. निवाऱ्यात वेगळी सोय नाही, नवरा घरी नाही, पोर कडेवर, आणि भिजलेल्या साडीत पळता येत नाही. पुढे निवाऱ्यांत बायकांसाठी खोल्या आल्या. स्वयंसेवकांतही आता जवळपास निम्म्या बायका आहेत. गुरं सोडून लोक निघेनात, तर गुरांसाठी मातीचे उंचवटे केले. तिकडे त्याला चक्क ‘किल्ला’ म्हणतात!

बांगलादेशाबद्दल ऐकू येणारं ‘देश समुद्रात बुडतोय’ हेही सरसकट खरं नाही: मेघना नदीच्या मुखाशी गाळाने नवी जमीनही तयार होते. ‘लोकसंख्या आवरतच नाही’? सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला दर बाईमागे सहाहून अधिक मुलं होती. २०२२च्या आरोग्य पाहणीत २.३. ‘जुलाबाने मरणारी पोरं मोठ्या इस्पितळांशिवाय वाचत नाहीत’? ‘ब्रॅक’ या तिथल्या स्वयंसेवी संस्थेने ऐंशीच्या दशकात घरोघरी जाऊन आयांना मीठ-गुळाचं पाणी करायला शिकवलं, एक कोटीहून अधिक घरांत.

म्हणून तिथे आता सगळं आलबेल आहे, असं नाही. २००९च्या ‘आयला’ चक्रीवादळात बांध फुटले आणि खुलन्याकडच्या शेतांत शिरलेलं खारं पाणी लवकर हटलं नाही. जीव वाचलेली कित्येक कुटुंबं वर्ष उलटूनही बांधावरच्या झोपड्यांत होती; अनेकांनी कामासाठी शहर गाठलं. पैसा लागतो तो इथे. किनाऱ्यावरचे बहुतेक बांध साठ-सत्तरच्या दशकांतले, आणि मुळात भरतीचं पाणी अडवायला बांधलेले. वादळी लाटांचा हिशेब त्यांत धरलेलाच नव्हता.