स्त्रियांचा रक्तदाब

भिवंडी तालुक्यांत पडघा, अनगांव, खारबाव या बाजूस भाताची लावणी सुरू झाली म्हणजे चिखलांत वांकून दिवस काढणारीं माणसें बहुतेक स्त्रियाच असतात. वांकलेली बाई एकदम ताठ उभी राहते तेव्हां कधीं कधीं तिच्या डोळ्यांपुढें अंधारी येते. उपाशीपोटीं काम केल्यानें असें होतें हें खरें. परंतु त्याच्या मुळाशीं स्त्रीपुरुषांच्या शरीरांतील एक भेदहि आहे, आणि तो शेतकरी गृहस्थास ठाऊक असावा असें आम्हांस वाटतें.

रक्तवाहिनी ही पाटासारखी निर्जीव वाट नव्हे. तिच्या भिंतींत स्नायु असतात. ते आवळले कीं वाट अरुंद होऊन दाब चढतो, सैल पडले कीं उतरतो. वाहिनीचें आंतील अस्तर नायट्रिक ऑक्साइड नांवाचा वायु सोडून हे स्नायु सैल करतें. या शोधाबद्दल १९९८ सालीं फर्चगॉट, इग्नॅरो व मुराद या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांस नोबेल पारितोषिक मिळालें. स्त्रीच्या शरीरांतील इस्ट्रोजेन हा रस या वायूची उत्पत्ति वाढवितो. म्हणून तरुणपणीं तिचा दाब समवयस्क पुरुषापेक्षां साधारणतः कमी असतो. पण उभें राहतांना पायांकडे उतरलेलें रक्त वर लोटण्यास तिच्या वाहिन्या तितक्या जोरानें आवळतहि नाहींत. घेरी आल्यास तिला आडवें निजवून पाय उंच करावे.

इस्ट्रोजेनचें हें संरक्षण जन्मभर पुरत नाहीं. पाळी बंद झाल्यावर तो रस आटतो, वाहिन्या ताठर होत जातात, आणि उतारवयांत स्त्रीचा दाब पुरुषाची बरोबरी करतो, पुष्कळदां त्याच्याहि वर जातो. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत देशांतील पंधरा वर्षांवरील पुरुषांपैकीं शेकडा २४ व स्त्रियांपैकीं शेकडा २१ जणांस हा विकार आढळला. अंतर केवढें थोडें! तरीहि दाब मोजून घेण्यास घरचा कर्ता जातो आणि त्याची पन्नाशीची बायको गोठ्यांतच राहते.

गरोदर स्त्रीची गोष्ट याहून निकडीची आहे. गर्भारपणाच्या मध्यापर्यंत दाब थोडा उतरलेला असतो. विसाव्या आठवड्यानंतर तो १४०/९० वर गेला, किंवा डोकें ठणकूं लागलें, दृष्टि अंधुक झाली, तोंडाहातांवर सूज आली, तर आईच्या व मुलाच्या जिवास धोका असतो. त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. मूठ बांधलेलीं रोपें थांबतील.

पावसाळ्यांत सुकट, खारे बोंबील, पापड व लोणचें यांवर आपला भर असतो. सर्व मिळून मीठ दिवसास माणशीं ५ ग्रॅम, म्हणजे लहान चमचाभर, याहून अधिक नसावें. दाब प्राथमिक आरोग्य केंद्रांत मोजून मिळतो. मात्र शेतांतून आलेल्या बाईचा दाब तसाच घेऊं नये; पांच मिनिटें स्वस्थ बसवून मग घ्यावा, आणि अधिक भरल्यास दुसऱ्या दिवशीं पुन्हा पाहावा. गरोदर बाईच्या बाबतींत मात्र दुसऱ्या दिवसाची वाट पाहूं नये.