कोपरा की कव्हर?

पुरुषांच्या कबड्डीचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असतं. दुतर्फा एकेक मीटरचं राखीव क्षेत्र सोडलं, तर झटापट सुरू होईपर्यंत खेळायला रुंदी उरते आठच मीटर. एका संघाच्या वाट्याला येते साडेसहा मीटरची खोली. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदानरेषा, तिच्यापुढे एक मीटरवर बोनसरेषा आणि तिच्यामागे अंतिम रेषेपर्यंत पावणेदोन मीटरची पट्टी. एका मध्यम वर्गखोलीएवढ्या या जागेत सात जण उभे राहतात आणि समोरून आठवा येतो. त्याच्याकडे ३० सेकंद आहेत. कुणाला तरी शिवून परत जायचं, एवढंच त्याचं काम. पण ते रोखण्यासाठी सातपैकी प्रत्येकाला वेगळं काम नेमून दिलेलं असतं, आणि कोणतं काम कुणाला शोभेल हे ओळखणं ही कबड्डीतली फार सुंदर आणि फार कमी बोलली गेलेली विद्या आहे.

जालना जिल्ह्यात हा प्रश्न दरवर्षी नव्याने उभा राहतो. मंठा, परतूर, घनसावंगी, भोकरदन, जाफराबाद इथल्या गावांतून बारावी झालेली मुलं महाविद्यालयात येतात. त्यांतली बरीचशी शाळेत आणि गावच्या मंडळात मातीवर खेळलेली असतात. आता पुढे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, तिथून डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा संघ, आणि नशीब व मेहनत जुळली तर पश्चिम विभागाची आंतरविद्यापीठ स्पर्धा. गावात त्यांतला एखादा 'पकडीचा गडी' म्हणून ओळखला जायचा. पण पकडीचा म्हणजे नेमका कुठला? क्रीडाशिक्षकाला हे चार-सहा आठवड्यांत ठरवावं लागतं.

आधी सात जागा पाहू. दोन्ही टोकांना कोपरारक्षक, त्यांच्या आतल्या अंगाला 'इन', मग दोन कव्हर आणि मधोमध सेंटर. कोपरा आणि इन यांची जोडी, दोन कव्हर आणि सेंटर यांचं त्रिकूट, पुन्हा इन आणि कोपरा यांची जोडी अशी २-३-२ रचना बहुतेक संघ धरतात. हातात हात गुंफून साखळ्या होतात त्या याच हिशेबाने. इन आणि सेंटर इथे बहुधा चढाईपटू उभे केले जातात, कारण त्यांचा दम चढाईसाठी राखायचा असतो. म्हणजे निव्वळ बचावासाठी घेतलेल्या मुलासाठी खऱ्या जागा उरतात चार: डावा कोपरा, उजवा कोपरा, डावा कव्हर, उजवा कव्हर.

बहुतेक ठिकाणी निवड शरीर पाहून होते. चपळ आणि हलका असेल तर कोपरा, खांद्याने भरलेला असेल तर कव्हर. हा ठोकताळा अगदीच टाकाऊ नाही, पण अपुरा आहे. कारण कोपरा आणि कव्हर यांच्यात अंतर काही पावलांचं असलं तरी त्यांना चढाईपटूच्या दोन वेगळ्या अवस्था भेटतात. कोपऱ्याला भेटतो तो येणारा माणूस, हात-पाय लांबवून काहीतरी मिळवू पाहणारा. कव्हरला भेटतो तो जाणारा माणूस, घरी परतायला निघालेला. दोघांशी झुंजायला दोन वेगळी मनं लागतात, आणि मुलाचं मन कुठलं आहे ते वजनकाट्यावर दिसत नाही.

कोपऱ्याचा क्षण जवळून पाहावा असा आहे. बचावात सहा किंवा सात गडी असतील तरच बोनस मिळतो, आणि तो मिळवायला चढाईपटूचा एक पाय बोनसरेषेपलीकडे टेकलेला आणि त्याच वेळी मागचा पाय हवेत असावा लागतो. हा नियम मला विलक्षण वाटतो. गुण हवा असेल तर एका पायावर ये, असं तो चढाईपटूला बजावतो. धावणाऱ्या माणसाचा तोल त्या एका क्षणापुरता तळहाताएवढ्या जागेवर येऊन ठेपतो. पाय फक्त चाचपण्यासाठी पुढे सरकवला असेल तर उलटं असतं: सगळा भार मागच्या पायावर आणि पुढचा पाय हलका. चांगला कोपरारक्षक सूर मारतो तो या हलक्या पायावर. घोट्याशी दोन्ही हात बंद झाले की तो पाय पुन्हा टेकू द्यायचा नाही, वर उचलायचा आणि आपल्याकडे ओढायचा. घोटा हा कंबरेपासून सर्वांत लांबचा मोठा सांधा. तरफेचा नियम इथे बचावाच्या बाजूने उभा राहतो, आणि साठ किलोचा मुलगा ऐंशी किलोच्या गड्याला जागेवर बसवतो. हेच हात भार दिलेल्या पायावर पडले तर मात्र तो पाय खांबासारखा रोवलेला असतो आणि चढाईपटू पकड करणाऱ्यालाच फरफटत मध्यरेषेकडे नेतो.

म्हणजे कोपऱ्यावरच्या मुलाला सेकंदाच्या अंशात ओळखावं लागतं की कुठल्या पायावर भार आहे. आणि इथे एक अडचण आहे. डोळ्यांनी पाहून हात हलवायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. सेकंदाला पाच मीटर वेगाने हलणारा गडी तेवढ्यात एक मीटर सरकतो. पाहून मग झेपावणाऱ्याला कधीच घोटा मिळू नये. तरीही मिळतो, कारण मुरलेला खेळाडू पायाकडे पाहून निघत नाही. तो कंबर वाचतो, खांद्याचा झुकाव वाचतो, पाय उचलण्याआधीचा किंचित थांबा वाचतो. ब्रूस ॲबरनेथी या संशोधकाने १९८०च्या दशकात बॅडमिंटनपटूंवर प्रयोग केले होते. फटका बसण्याआधीच चित्रफीत तोडायची आणि शटल कुठे जाईल ते विचारायचं. मुरलेले खेळाडू नवख्यांपेक्षा कितीतरी अचूक सांगत, कारण रॅकेटच्या जोडीने ते हाताची हालचालही वाचत होते. आपल्याकडे विहिरीच्या काठच्या मोकळ्या जागेत कबड्डी खेळत वाढलेल्या पोरात हे वाचन कुणी न शिकवता उतरलेलं असतं. मला याचं मोठं नवल वाटतं.

पण वाचता येणं आणि थांबता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वेळेआधी झेप घेतली तर चढाईपटूला गुण आयता मिळतो आणि झेपावणारा बाहेर जातो. मदतीला धावलेल्यांचे हात लागले असतील आणि गडी निसटला, तर तेही बाद. एका उतावळ्या सुरापायी तीन गडी बाहेर गेलेले कबड्डीच्या प्रेक्षकाने नक्की पाहिले आहेत. म्हणून कोपऱ्यासाठी मुलगा निवडताना त्याने किती पकडी केल्या यापेक्षा किती वेळा तो गेलाच नाही, हे मोजावं. सरावात दहा चढाया त्याच्या बाजूने लावाव्यात. त्यांतल्या सात त्याने शांतपणे मागे सरकत जाऊ दिल्या आणि तीनच वेळा हात टाकला, तर तो मुलगा कोपऱ्याचा आहे, मग त्याची उंची काहीही असो.

कव्हरचं तसं नाही. चढाईपटू एका कोपऱ्याकडे वळला की तो कोपरा मागे सरकतो आणि समोरची बाजू हळूच पुढे चढते. परतीची वाट अरुंद करण्याचं हे काम कव्हरचं. चढाईपटूने पाठ वळवली किंवा निघण्यासाठी पाय बदलला की कव्हर छाती आडवी घालतो. हा ब्लॉक. गडी राखीव क्षेत्राच्या कडेला असेल तर खांद्याने डॅश देऊन त्याला रेषेबाहेर काढतो. पट काढणं, म्हणजे दोन्ही मांड्या कवेत घेऊन गडी उचलणं, हेही कव्हरला लागतं. यात वाट पाहायला वेळ नसतो. वेगात निघालेल्या अंगासमोर स्वतःचं अंग टाकायचं, डोळे न मिटता. हे ज्याला जमतं त्याच्यात ते सहसा पहिल्या आठवड्यातच दिसतं. मुलगा टक्कर होण्याच्या क्षणी मान वळवतो की नाही, एवढंच पाहावं. मान वळवणाऱ्याला तंत्र शिकवता येतं, पण वेळ लागतो.

आणखी एक गोष्ट कव्हरमध्ये पाहायची: त्याचं जोडीदाराकडे लक्ष असतं का. प्रो कबड्डीत गुजरातच्या संघात सुनील कुमार उजव्या आणि परवेश भैंसवाल डाव्या कव्हरला खेळत, ते एकमेकांचं अंग ओळखूनच. एक अडवायला गेला की दुसरा तिथे हजर. एकट्याने नाव कमवायची ओढ असलेला मुलगा तिथे खपत नाही.

डावा की उजवा, हा प्रश्न वरवर सोपा वाटतो आणि बहुतेक जण उजवा हात, डावा हात पाहून सोडवतात. मैदानाची भूमिती जरा वेगळं सांगते. डाव्या कोपऱ्यावरचा गडी बाजूच्या रेषेला चिकटून असतो, म्हणून त्याची शिकार बहुधा त्याच्या उजव्या हाताला असते आणि झेप उजवीकडे जाते. उजव्या कोपऱ्याची झेप डावीकडे. मुलाला दोन्ही बाजूंना दहा-दहा सूर मारायला लावा. कुठल्या बाजूला तो पाय न अडखळता जमिनीलगत जातो, ते स्पष्ट दिसतं. शिवाय बचाव करणाऱ्याची डावी बाजू म्हणजे चढाईपटूची उजवी. उजवीकडून शिरणारे चढाईपटू जास्त असल्याने डाव्या कोपऱ्यावर गर्दी अधिक होते. कल्याणकडचा गिरीश एर्नाक आणि इराणचा फझल अत्राचली, दोघांनीही नाव काढलं ते याच डाव्या कोपऱ्यावर. उजव्या कोपऱ्यावर नितेश कुमारने २०१८च्या प्रो कबड्डी हंगामात पकडीचे १०० गुण मिळवले. एका हंगामात शंभरी गाठणारा तो पहिलाच.

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्येही हाच घोळ असतो. शाळेतून आलेल्या वेगवान मुलाला कडेला कॉर्नरबॅक करायचं की मागे सेफ्टी, यावर प्रशिक्षक त्याच्या कंबरेची लवचीकता आणि उलटं धावणं पाहत बसतात. तिकडे हे पाहण्यासाठी मोठमोठे विभाग आहेत. जालन्यात एक क्रीडाशिक्षक आणि एक शिट्टी असते, पण पाहायची गोष्ट तीच, माणूस दबावाखाली कसा हलतो ती.

एक सावधगिरी मातीवरून मॅटवर आलेल्या मुलांसाठी. मातीवर चढाईपटूचा पाय वळताना घसरतो, तो अर्धा क्षण बचावाला मिळतो. मॅटवर बूट पकड घेतो आणि गडी जागच्या जागी वळतो. त्यामुळे गावात घोट्यासाठी गाजलेला मुलगा मॅटवर पहिल्या महिन्यात सतत उशिरा पोहोचतो आणि त्याची जागा चुकली असं वाटायला लागतं. जागा चुकलेली नसते. त्याचं घड्याळ जुन्या मैदानाला लावलेलं असतं. एवढ्यासाठी त्याला कव्हरला ढकलू नये.

मुलींचं मैदान १२ बाय ८ मीटरचं, निदानरेषा तीन मीटरवर. अंतरं आखडलेली असल्याने कोपरा आणि कव्हर आणखी जवळ येतात, साखळीचं मोल वाढतं आणि एकाच मुलीला दोन्ही कामं करावी लागतात. तिथे जागा फार लवकर पक्की करू नये हे जास्तच खरं.

महाविद्यालयांतल्या शिक्षकांना माझी एकच विनंती आहे. नव्या मुलाची जागा पहिल्या दिवशी लिहून टाकू नका. चारही जागांवर त्याला आठवडा-आठवडा उभं करा आणि दरवेळी बचावात तीनच गडी ठेवूनही खेळवा. त्या स्थितीत पकड झाली तर ती अव्वल पकड ठरते आणि एक गुण जास्त मिळतो, शिवाय लपायला साखळी उरत नाही. आणि तुम्ही प्रेक्षक असाल, तर पुढच्या सामन्याला मध्यरेषेपाशी बसू नका. बोनसरेषेच्या टोकाला जागा धरा. कोपऱ्यावरच्या मुलाचे पाय तिथूनच नीट दिसतात.