'डिक्टाब्लांडा' आणि 'अनुशासनपर्व'

स्पॅनिश भाषेत हुकूमशाहीला 'डिक्टादुरा' म्हणतात. हा शब्द लॅटिन 'डिक्टातुरा'वरून आला असून त्याच्या अखेरीस असलेला 'उरा' हा केवळ प्रत्यय आहे. तथापि, स्पॅनिशमध्ये 'दुरा' म्हणजे 'कठोर'. हे साम्य हेरून शब्द तेथेच तोडला गेला आणि 'दुरा'च्या जागी 'ब्लांडा' (मऊ) हे पद बसवून 'डिक्टाब्लांडा' घडविला गेला. प्रिमो दे रिव्हेरा (१९२३-३०) याच्यानंतर आलेल्या जनरल बेरेंगेर याच्या राजवटीस (१९३०-३१) तो उपहासाने लावण्यात आला. आपल्या काव्यशास्त्राच्या परिभाषेत हा सभंग श्लेष होय. 'मवाळ हुकूमशाही' या भाषांतरात अर्थ उतरतो. श्लेष आणि त्यातील उपहास मात्र गळून पडतो.

आणीबाणीच्या काळात (१९७५-७७) मराठी समाजाने याची उलट बाजू अनुभवली. 'अनुशासनपर्व' हे महाभारतातील तेराव्या पर्वाचे नाव. मौनव्रतात असलेल्या विनोबांकडून आलेला हा शब्द शासनाने आणीबाणीच्या समर्थनार्थ वापरला. मौन सुटल्यावर विनोबांनी भेद स्पष्ट केला : शासन सत्ताधाऱ्यांचे, अनुशासन आचार्यांचे. अर्थ येथेही शब्दाच्या फोडीवरच अवलंबून होता. परंतु तोवर शब्दाची घोषणा झाली होती. स्पेनमध्ये शब्द फोडून सत्तेची थट्टा झाली; येथे तो अखंड ठेवून सत्तेची कठोरता झाकली गेली. १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष दुर्गा भागवत यांना १९७६ मध्ये अटक झाली. राजवटीच्या नावाचा अर्थ लावताना अशा घटनांचा संदर्भ सोडता येत नाही.