गुळानं जंत होत नाहीत

आपल्या कोल्हापुरात घरोघरी गूळ. पोरानं खडा तोंडात टाकला, की आपण दटावतो, "जंत होतील!" पण जंत गुळातून नव्हे, मातीतून येतात. उघड्यावर शौचाला बसलं, की जंतांची अंडी मातीत मिसळतात आणि न धुतलेल्या हातांतून, भाजीतून पोटात जातात. अंकुशकृमीची अळी तर अनवाणी पायातून शिरते आणि आतड्याला चिकटून रक्त पिते. पोर फिकं पडतं, लवकर दमतं.

म्हणून २०१५ पासून जंतनाशक दिनाला अंगणवाडीत, शाळेत १ ते १९ वर्षांच्या मुलामुलींना अल्बेंडाझोलची गोळी फुकट देतात. दोन वर्षांखालच्या बाळाला अर्धी, कुस्करून; मोठ्यांना पूर्ण, चावून. "माझ्या पोराला जंत नाहीत," म्हणून आपण टाळतो. पण थोडे जंत वरून कळत नाहीत आणि त्यांची अंडी पसरतच राहतात. गोळीनंतर कुणाला थोडं मळमळतं, ते लवकर थांबतं. मूल आजारी असेल तर मात्र ताईंना आधी सांगूया.

गोळीनं मातीतली अंडी मरत नाहीत. म्हणून ती पुन्हा घ्यायची, संडास वापरायचा, पायात चप्पल घालायची. आणि गूळ? खाऊ दे की! फक्त आधी साबणानं हात धुवायला लावूया.